डार्क मॅटर म्हणजे आजचा व्हल्कन? जरा दमानं घ्या

शनीपलीकडचा:
काल उलटा चष्मा यांनी लिहिलं, "बुधाची चाल जुळेना तेव्हा विद्वान व्हल्कन नावाचा ग्रह शोधत बसले, शेवटी न्यूटनच बदलावा लागला. डार्क मॅटर हा आजचा व्हल्कन. मॉन्ड खरं, बाकी सगळं पोटभरू संशोधन." (डार्क मॅटर म्हणजे आकाशगंगांची चाल जुळवायला मानलेलं न दिसणारं द्रव्य; मॉन्ड म्हणजे त्याऐवजी गुरुत्वाचा नियमच बदलणारा सिद्धान्त.) वाचून डोकं फिरलं, म्हणून लांबण लावतोय.

१८५९ मध्ये बुधाचा घोळ दाखवणारा फ्रेंच खगोलज्ञ लेव्हेरिये तोच, ज्याने १८४६ मध्ये युरेनस अडखळतोय एवढ्यावरून नेपच्यून काढून दिला. तिथे नियम बरोबर होता, ग्रह कमी पडत होता. बुधाच्या वेळी उलट झालं. बरोबरीत सुटला सामना. तुम्ही फक्त दुसरा डाव सांगताय.

शिवाय नियम बदलणं एवढं सोपं असतं तर काय हवं होतं? न्यूटन म्हणतो ओढ अंतराच्या वर्गाने घटते; १८९४ मध्ये खगोलज्ञ हॉलने त्या वर्गाच्या, म्हणजे २ च्या, जागी २.००००००१६ घातांक घेतला आणि बुध मुकाट रांगेत आला. तोच घातांक चंद्राला लावला तर तिकडे बिघाड! आइन्स्टाइनने १९१५ मध्ये एकही आकडा मागून न चिकटवता बुधाच्या कक्षेचं जादा सरकणं बरोबर काढलं, शतकाला ४३ आर्कसेकंद (आर्कसेकंद म्हणजे अंशाचा ३६००वा भाग). पुढे भौतिकशास्त्रज्ञ डिकी यांनी सूर्यच आतून चपटा आहे म्हणत त्यातले तीन-चार आपल्या वेगळ्या गुरुत्व-सिद्धान्तासाठी मागितले. सूर्याने दिले नाहीत.

उलटा चष्मा:
झोप मोडल्याबद्दल क्षमस्व. पण साहेब, मॉन्ड सुरू कुठे होतं ते तरी बघायचं. मॉन्ड मांडणाऱ्या मिलग्रोम यांचा उंबरठा १.२ × १०⁻¹⁰ मीटर प्रति सेकंद वर्ग; ओढ याहून कमी झाली तरच नियम बदलतो. शनीपाशीसुद्धा सूर्याची ओढ त्याच्या पाच लाखपट आहे. बुध घेऊन मॉन्डला हाणणं म्हणजे विहिरीत पोहून समुद्राला भरती येत नाही म्हणणं.

शनीपलीकडचा:
उपमा झकास, पण भरती विहिरीतही येते, किनाऱ्याजवळची असली तर. मॉन्डमध्ये आकाशगंगेची बाहेरची ओढ सूर्यमालेच्या आत झिरपते, हे तुमच्याच लोकांचं गणित. त्याने शनीची कक्षा किंचित ओढली जायला हवी. कॅसिनी यान २००४ ते २०१७ शनीभोवती फिरत होतं, त्याच्या रेडिओ संदेशांवरून शनीचं अंतर शे-पन्नास मीटरच्या आत कळलं. ती ओढ दिसली नाही. मॉन्डची बरीच रूपं तिथेच गारद.

उलटा चष्मा:
"बरीच". सगळी नाही. शब्द तुमचाच आहे.

रिकामटेकडा:
मी एकेकाळी पायोनियरवाला होतो. सूर्यमालेबाहेर निघालेली पायोनियर १० आणि ११ ही दोन्ही यानं अपेक्षेपेक्षा जरा जास्त मंदावतायत, म्हणजे गुरुत्वाकर्षणच बदलणार, अशी माझी खात्री. चहाच्या टपरीवर मित्राशी पैज लावली. २०१२ मध्ये निघालं काय, तर यानाच्या अणुबॅटरीची उष्णता एका बाजूला जास्त बाहेर पडत होती. बारा वडापाव भरले. तेव्हापासून कुठलाही नियम बदलायचा म्हटलं की आधी बॅटरी तपासा म्हणतो.

विकला:
हॉल झाले, डिकी झाले. विजापूरचे व्यंकटेश बापूजी केतकर कुणालाच आठवत नाहीत! १९११ मध्येच त्यांनी नेपच्यूनपलीकडचे ग्रह फ्रेंच पत्रिकेत मांडले होते. एकाचं अंतर प्लूटोच्या अगदी जवळ येतं. आमचे आजोबा त्यांचं 'ज्योतिर्गणितम्' मांडीवर घेऊन बसायचे, समासात पेन्सिलीने आकडे, पानांना तपकिरीचा वास. प्लूटोचं श्रेय अमेरिकेला, आपल्याला काय तर राशिभविष्य.

शनीपलीकडचा:
केतकर मोठेच, वाद नाही. पण प्लूटो कुणाच्याच गणिताने सापडला नाही हो. टॉमबॉला १९३० मध्ये सापडला तो फोटोंच्या काचा ताडून बघताना. १९७८ मध्ये त्याचा चंद्र दिसला तेव्हा वजन कळलं, पृथ्वीच्या पाचशेव्या भागाच्या आसपास. एवढासा गोळा युरेनसला काय हलवणार?

विकला:
म्हणजे युरेनसच्या गडबडीवरून नवा ग्रह वर्तवणाऱ्या अमेरिकन लॉवेलचं चुकलं की योगायोग, आणि केतकरांचंही योगायोगच? बरोबर येऊनही मार्क कापायचे?

शनीपलीकडचा:
दोघांचेही कापतोय, ताई! व्हॉयेजर २ १९८९ मध्ये नेपच्यूनजवळून गेलं, नेपच्यूनचं वस्तुमान सुमारे अर्धा टक्का कमी निघालं आणि युरेनसची उरलेली गडबड गेली. ग्रहही नको होता, नियमही नको होता. जुना आकडा चूक होता.

उलटा चष्मा:
छान. मग आज आकाशगंगांचे आकडे बरोबर आहेत हे कोणी ठरवलं?

शनीपलीकडचा:
...हा प्रश्न रास्त आहे. एवढंच देतो, जास्त मागू नका.

विकला:
विषय बदलू नका. चित्रा पक्ष, म्हणजे चित्रा ताऱ्यावरून राशिचक्राचा आरंभ धरणारी पद्धत, लोकांच्या गळी उतरवायला केतकर झटले म्हणून आज बहुतेक पंचांगं जुळतात.

रिकामटेकडा:
आमच्याकडे टिळक पंचांग! अयनांशात, म्हणजे त्या आरंभाच्या हिशेबात, चारेक अंशांचा फरक, अधिक महिना फिरला की संपतोच हिशेब. एका वर्षी आमचे गणपती आळीच्या महिनाभर आधी बसले. विसर्जनाला मी, बाबा आणि शेजारचा कुत्रा.

उलटा चष्मा:
बघा, पर्यायी सिद्धान्त मानणाऱ्यांना एकटंच नाचावं लागतं. मोदक तरी मिळाले ना?

रिकामटेकडा:
दोनदा. महिन्याने शेजाऱ्यांकडचेही.