मदत हवी आहे: जर्मनीतलं ब्लॉक्ड अकाउंट आणि नंतरचं चालू खातं

नमस्कार मंडळी. मुलगी मास्टर्ससाठी जर्मनीला निघाली आहे. व्हिसासाठी ब्लॉक्ड अकाउंट, म्हणजे तिथे ज्याला 'श्पेअरकोंटो' म्हणतात ते, इथूनच उघडायचं आहे. वर्षाचे ११,९०४ युरो भरायचे आणि तिकडे पोचल्यावर महिन्याला ९९२ सुटणार, एवढं पक्कं कळलंय. पैसे एलआरएसखाली, म्हणजे रिझर्व्ह बँकेच्या परदेशी पैसे पाठवण्याच्या योजनेखाली, बँकेतला ए-२ फॉर्म (परकीय चलनाचा अर्ज) भरून पाठवू.

खरी काळजी पुढची आहे. ती रक्कम सुटून जमा व्हायला तिच्या नावाचं चालू खातं लागतं. काही बँका त्यासाठी पत्त्याची नोंदणी, म्हणजे 'आनमेल्डुंग', मागतात. घर मिळेपर्यंत नोंदणी नाही, आणि घरमालक आधी डिपॉझिट मागणार! मधल्या दिवसांत पोरीने भाडं कशातून द्यायचं?

युरोपीय संघात कायदेशीर राहणाऱ्याला, कायमचा पत्ता नसला तरी, 'बाझिसकोंटो' नावाचं मूलभूत खातं मागता येतं, असा जर्मनीत २०१६ पासून कायदा आहे. कुणी नुसत्या पासपोर्ट-व्हिसावर ते उघडलंय का? किती दिवस लागले? फॉरेक्स कार्डावर साधारण किती युरो सोबत द्यावेत?

आणखी एक, पैसे शैक्षणिक कर्जातून पाठवले तर टीसीएस, म्हणजे परदेशी पैसे पाठवताना बँक आगाऊ वसूल करते तो कर, लागत नाही म्हणतात. ब्लॉक्ड अकाउंटच्या रकमेसाठी तुमच्या बँकेने ते मान्य केलं का? अलीकडे गेलेल्यांनी कृपया सविस्तर लिहा.