पेशीभित्तिका: भिंत की कूड?

मास्तर, यवतमाळकडचा: आठवीला पेशी शिकवत होतो. ‘पेशीभित्तिका म्हणजे वनस्पतीच्या पेशीभोवतीची कडक भिंत’ असं सांगितलं. मागच्या बाकावरची पोरगी म्हणे, “सर, भिंत हाय तं पेशी वाढते कशी? बांधलेली भिंत कुठं वाढते?” शब्द चुकला की माझा अर्थ?

शब्दवेडा: अर्थ तोकडा पडला. ‘भित्ति’ हा ‘भिद्’, म्हणजे फोडणे-चिरणे, यावरून आलेला. चिरलेल्या बोरूची चटई असाही त्याचा जुना अर्थ आहे. विटांच्या भिंतीपेक्षा आपल्या ताटीच्या जवळचा! ‘कूड’सुद्धा संस्कृत ‘कुड्य’चाच.

कास्तकार: मंग कूडच म्हना. गोठ्याचा कूड म्या सोता बांधला हाय. तुराट्या उभ्या लावाच्या, कामट्यायनं आवराच्या, वरून शेणमातीचा गारा. पेशीत यातलं काय हाय?

शब्दवेडा: सगळंच. तुराट्या म्हणजे सेल्युलोजचे धागे, कामट्या हेमिसेल्युलोज, गारा पेक्टिन. धागे पेशीपटलातली, म्हणजे भित्तिकेच्या आतल्या पातळ पडद्यातली, विकरं (एन्झाइम) जागेवरच विणतात. बाकीचा माल गॉल्जी पिंडातून, म्हणजे पेशीतल्या माल बांधून पाठवणाऱ्या भागातून, येतो. आता त्या पोरीचं उत्तर: वाढायचं असलं की ऑक्झिन या वाढीच्या संप्रेरकाच्या इशाऱ्यावर पेशी भित्तिकेत आम्लता वाढवते, एक्स्पान्सिन नावाची प्रथिनं बांधणी सैल करतात, आणि आतल्या पाण्याचा दाब कूड बाहेर रेटतो. कूड पातळ पडू नये म्हणून आतून नवं लिंपण चालूच. वाढ थांबताना कॅल्शियम पेक्टिनला जखडतं. लाकडात वर लिग्निन नावाचं कडक द्रव्य भरतं. वाळली पऱ्हाटी उपटताना हात सोलतात ते उगाच नाही.

मास्तर: कापसाचं उदाहरण चालेल?

शब्दवेडा: तेच घ्या! सरकीवरचा एकेक धागा म्हणजे एकच पेशी, अडीच-तीन सेंटिमीटर लांब. फूल उमलल्यावर साधारण तीन आठवडे ती लांबत जाते, मग आतून सेल्युलोजचे थर चढतात. बोंड फुटलं की पेशी वाळते. आपण वेचतो ती जवळजवळ नुसती भित्तिकाच, ९० टक्क्यांच्या वर सेल्युलोज. थर पुरे बसले नाहीत तर धागा चपटा राहतो, रंग नीट धरत नाही. जुन्या परिभाषेत सेल्युलोजला ‘तूलीर’ म्हणत. तूल म्हणजे कापूस. इतका आपला शब्द मागे पडला, याचं मला अजून वाईट वाटतं.

मास्तर: उद्या वर्गात बोंडच नेतो. पण पेपरात कोणी ‘कूड’ लिहिलं तर?

कास्तकार: अर्धा मार्क तं द्या जी.