ॲल्युमिनियमचा स्टँड म्हणे 'मेकॅनो'!

काचघर: काल इथे एकाने ठोकून दिलं, 'माशांच्या टँकला एमएसचाच (साध्या लोखंडाचाच) स्टँड हवा, ॲल्युमिनियम प्रोफाइल म्हणजे पोरांचा मेकॅनो.' माझा टँक 4 × 1.5 × 1.5 फूट, पाणीच अडीचशे लिटर. काच-वाळू-दगडांसह सव्वातीनशे किलोच्या पुढे. 4040 प्रोफाइलवर (40 × 40 मिमीचे खाचा असलेले ॲल्युमिनियमचे बार) दोन वर्षं ढिम्म उभा आहे.

लोखंड्या: मीच तो. त्याच मापाचं ॲल्युमिनियम लोखंडाच्या तिप्पट लवतं, हे शाळकरी गणित आहे. आणि खाचेतला टी-नट (ब्रॅकेटचा बोल्ट धरणारा नट) घसरला की मासे थेट खालच्या मजल्यावर.

काचघर: टी-नटवर वजन टाकलंय कोणी? लांब बार पायांच्या डोक्यावर टेकवलेत. ब्रॅकेट फक्त काटकोन धरायला. लवू नये म्हणून मध्ये दोन जादा पाय, डुलू नये म्हणून मागे प्लाय. आधी वाचा, मग वेल्डिंग करा.

पाणकोंबडा: लोखंड राहू द्या, फॅब्रिकेटर आवरा! 'गणपतीच्या आधी देतो' म्हणाला, स्टँड आला दसऱ्याला. एक पाय आखूड. म्हणे, 'खाली पत्रा सरकवा, साहेब.' गंज रोखणारा रेड ऑक्साइड प्रायमर नुसता दाखवण्यापुरता, सहा महिन्यांत पांढऱ्या फरशीवर गंजाचे चार चौकोन. ॲसिडनेही निघाले नाहीत.

ठिणगी: माझे वडील तीस वर्षं वेल्डिंग करतायत. माप तीनदा बदलायचं, ॲडव्हान्स द्यायचा नाही, प्रायमरचे पैसे कापायचे, आणि वर गंजाच्या नावाने गळे काढायचे!

पाणकोंबडा: ॲडव्हान्स निम्मा दिला होता. तोंड सांभाळून.

खारेपाणी: भांडा निवांत. एवढंच सांगतो, मरीन टँक असेल तर स्टेनलेसचा बोल्ट आणि ॲल्युमिनियम यांच्या सांध्यात खारं पाणी मुरलं की पांढरी भुकटी धरते. माझे दोन बोल्ट ग्राइंडरनेच निघाले.

लोखंड्या: बघा! बरं, बार पायांवर टेकवलेत तर राहील उभा, मान्य. सिंहासनाला खर्च किती आला?

काचघर: एमएसच्या अडीचपट. विचारलंत म्हणून सांगतो. पण खाली स्क्रूचे पाय आहेत, लेव्हल पान्याने जमते.

ठिणगी: @पाणकोंबडा, तो 'आखूड' पाय फरशीची लेव्हल बघून ठरवला होता की नुसताच?

पाणकोंबडा: आत्ता लावली पाणसळ. फरशीच त्या कोपऱ्यात उतरती निघाली. पण दसऱ्याचं काय?