मदत हवी आहे: पीपी४०५ येणार असेल तर मिनॉक्सिडिल बंद करू का?

उंबरठा:
पीपी४०५ या टकलावरच्या नव्या औषधाच्या बातम्या सगळ्यांनी वाचल्या असतीलच. आठ आठवड्यांत फरक दिसतो म्हणे. इथे मिनॉक्सिडिल (टाळूला लावायचं केसवाढीचं औषध) चालू आहे आणि गळती थांबायची सोडून वाढलीय. प्रश्न सरळ आहे, हे बंद करून नव्या औषधासाठी थांबावं का? त्याच्या चाचणीत नाव कसं घालतात हेही हवंय. "डॉक्टरांना दाखवा" एवढंच लिहू नका, प्लीज.

पारिजातक:
वय किती? मिनॉक्सिडिल कधीपासून? २ टक्के की ५? लोशन की फोम? एका वेळी किती, दिवसातून किती वेळा? फिनास्टेराइड, म्हणजे टकलावरची गोळी, घेताय का? केस कोपऱ्यांतून गेलेत, टाळूवरून, की सगळीकडून विरळ झालेत? यातलं काहीच लिहिलेलं नाही, उत्तर कशाच्या आधारावर द्यायचं?

उंबरठा:
५ टक्के लोशन, रोज लावतो. पुरुषांना पडतं ते नेहमीचं टक्कल. प्रश्न नव्या औषधाबद्दल आहे.

सूक्ष्मदर्शी:
मग आधी नव्या औषधाबद्दलच. केसाच्या मुळाशी मूलपेशी असतात. टक्कल पडलेल्या टाळूतही त्या बहुतांशी शिल्लक असतात, हे २०११ मध्ये दाखवलं गेलं. कमी होतात त्या त्यांच्यापासून तयार होणाऱ्या पुढच्या पेशी. म्हणजे बी आहे, रुजत नाही. पीपी४०५ माइटोकॉन्ड्रियात, म्हणजे पेशीच्या ऊर्जाघरात, पायरुवेट (साखरेपासून बनणारं इंधन) नेणारं दार अडवतं. मग त्या इंधनाचं पेशीत लॅक्टेट होऊन ते वाढतं आणि झोपलेली मूलपेशी जागी होते. या कल्पनेचा पाया कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या लॉस एंजेलिस शाखेत २०१७ मध्ये घातला गेला. २०२५ ला निकाल जाहीर झालेल्या, माणसांवरच्या चाचणीच्या २अ टप्प्यात ७८ जण होते, ०.०५ टक्के जेल, रोज एकदा, चार आठवडे. ज्यांचे केस जास्त गेले होते अशा पुरुषांपैकी ३१ टक्क्यांमध्ये आठव्या आठवड्याला घनता २० टक्क्यांहून जास्त वाढली, औषध नसलेलं नुसतं जेल लावणाऱ्यांत एकाचीही नाही. इतक्या कमी दिवसांत एवढा फरक दिसणं खरंच आशादायक आहे.

काळा फत्तर:
आशादायक आहे, पण आकडा नीट वाचा. ३१ टक्के हे ७८ मधले नव्हेत, त्यातल्या एका उपगटातले. हा टप्पा मुख्यतः सुरक्षितता तपासायला होता. आणि २० टक्के म्हणजे चौरस सेंटिमीटरला ६० केस असतील तर ७२. आरशात ते दिसेलच असं नाही. केस महिन्याला साधारण एक सेंटिमीटर वाढतो, म्हणजे आठ आठवड्यांत उगवलेला केस जेमतेम दोन सेंटिमीटरचा. तो जाड होतो का, पुढच्या चक्रात टिकतो का, हे आठ आठवड्यांत कळूच शकत नाही.
आणि सेटिपिप्रँट ही गोळी विसरू नका. २०१२ मध्ये टकलाच्या जागी प्रोस्टाग्लँडिन डी२ हे शरीरातलं रसायन जास्त सापडलं, लगेच "गुन्हेगार सापडला" म्हणून गाजावाजा झाला. ते अडवणारी हीच गोळी माणसांवर तपासली आणि केस वाढले नाहीत. एखादी गोष्ट तिथे जास्त सापडली म्हणजे तीच कारण, असं होत नाही.

सूक्ष्मदर्शी:
सेटिपिप्रँटची तुलना इथे बसत नाही. त्याच्या वेळी माणसांवरचा निकाल नकारार्थी आला, इथे पहिला निकाल होकारार्थी आहे. शंका घ्या, पण दोन्ही एकाच टोपलीत टाकू नका.

काळा फत्तर:
मान्य. तरी औषध अजून मंजूर नाही. जालावर त्या नावाने पावडर विकणारे आहेत, बाटलीत नक्की काय आहे हे कुणी सांगू शकत नाही. ती डोक्याला लावू नका.

झुळूक:
२०२४ मध्ये शेफील्ड विद्यापीठाने डीऑक्सिरायबोज साखरेच्या जेलने उंदरांना केस आणले होते ना? साखरच आहे, घरी करता येईल का?

काळा फत्तर:
नाही. उंदराच्या पाठीवरचे केस एकाच तालात उगवतात आणि एकत्र विश्रांतीत जातात. सात आठवड्यांच्या काळ्या उंदराची पाठ भादरली की कातडी गुलाबी दिसते. केस उगवायच्या बेताला आले की ती करडी, मग काळी होते. विश्रांतीत असताना नुसते केस उपटले तरी चक्र सुरू होतं. माणसाच्या डोक्यावर प्रत्येक केसाचं घड्याळ वेगळं, वाढीचा काळ दोन ते सहा वर्षं. त्या अभ्यासात टेस्टोस्टेरॉन देऊन उंदराची वाढ रोखली होती, पण उंदराला आपल्यासारखं टक्कल पडत नाही. मोठी दरी आहे ती.

रानवाट:
एवढ्या चर्चेपेक्षा डर्मारोलर, म्हणजे टाळूवर फिरवायचा बारीक सुयांचा रोलर, घ्या. २०१३ चा मुंबईतला अभ्यास आहे, १०० पुरुष, १२ आठवडे. १.५ मि.मी. सुया आठवड्यातून एकदा आणि मिनॉक्सिडिल, अशा गटात मोजणीच्या जागेत सरासरी ९१ केस वाढले. नुसत्या मिनॉक्सिडिलवाल्यांत २२. नव्या रेणूची वाट कशाला बघायची?

पारिजातक:
तो अभ्यास चांगला आहे, पण लहान आहे आणि एकाच ठिकाणचा. घरच्या रोलरच्या सुया वाकतात, वाकलेली सुई भोक पाडत नाही, कातडी फाडते. सुया फिरवल्यावर २४ तास मिनॉक्सिडिल लावायचं नाही, कारण ते रक्तात जास्त जातं आणि धडधड, चक्कर येऊ शकते. हे न सांगता "रोलर घ्या" म्हणणं बरोबर नाही.

रानवाट:
२४ तासांचं लिहायला हवं होतं, बरोबर. पण फायदा खरा आहे, यावर ठाम आहे.

चांदणवेल:
प्रत्यारोपणाचा विचार का नाही? मागच्या बाजूचे केस पुढे लावले तरी ते मागच्यासारखेच वागतात, हे नॉर्मन ओरेंट्राइख यांनी १९५९ मध्येच दाखवलं.

पारिजातक:
त्यांनी विचारलेलं नाही. आणि गळती चालू असताना केलं तर लावलेले केस राहतात, आजूबाजूचे मूळचे जातात, मध्ये बेट तयार होतं. गळती आधी आटोक्यात यावी लागते. उंबरठा, माझे प्रश्न अजून तसेच आहेत.

उंबरठा:
वय २६. मिनॉक्सिडिल पाच आठवडे झाले. अंघोळीनंतर लगेच लावतो, सकाळी एकदा, अंदाजाने. फिनास्टेराइड नाही. कोपरे थोडे मागे गेलेत, पण गळती सगळ्या डोक्याची आहे. अडीच महिन्यांपूर्वी आठवडाभर १०३ ताप होता, त्याचा याच्याशी संबंध नसावा.

पारिजातक:
संबंध आहे! मोठ्या तापानंतर दोन-तीन महिन्यांनी सगळ्या डोक्याचे केस गळतात. बहुतेक वेळा मूळ शाबूत असतं आणि सहा महिन्यांत भरून येतं. त्यातच मिनॉक्सिडिलच्या दुसऱ्या ते आठव्या आठवड्यात विश्रांतीतले जुने केस ढकलले जाऊन गळती वाढते. तुमच्या बाबतीत दोन्ही एकाच वेळी आलेलं दिसतंय. आत्ता बंद केलंत तर काय कशामुळे झालं हे कधीच कळणार नाही.
लावण्याची पद्धत बदला. टाळू पूर्ण कोरडी हवी. भांग पाडत पाडत ड्रॉपरने १ मि.ली., सकाळ-संध्याकाळ, केसांना नाही, कातडीला. चार तास डोकं धुवायचं नाही. चार महिने झाल्याशिवाय निकाल लावू नका. खाज सुटली तर बहुधा लोशनमधल्या प्रोपिलीन ग्लायकॉलमुळे, फोममध्ये ते नसतं.
आणि त्वचारोगतज्ज्ञांकडे जाऊन डर्मोस्कोपी (भिंगातून टाळूची तपासणी) करून घ्याच, तुम्हाला हे वाक्य नको असलं तरी. एका जाड केसाशेजारी कापसाच्या धाग्यासारखे बारीक केस मोठ्या प्रमाणात दिसले तर अनुवंशिक टक्कल. सगळे सारख्या जाडीचे पण कमी असतील तर तापाची गळती जास्त संभवते.

सूक्ष्मदर्शी:
चाचणीबद्दल: औषध चाचण्यांच्या जालावरच्या सार्वजनिक नोंदवहीत औषधाचं नाव टाकून शोधा, भरती चालू आहे का ते तिथे दिसतं. सहसा आधी कित्येक महिने मिनॉक्सिडिल आणि फिनास्टेराइड बंद असावं लागतं. शिवाय औषधच मिळेल याची खात्री नाही, नुसतं जेलही वाट्याला येऊ शकतं. त्या महिन्यांत बारीक झालेले केस परत येतीलच असं नाही.

रानवाट:
आणि फिनास्टेराइड? १९९७ पासून १ मि.ग्रॅ. मंजूर आहे, रक्तातलं डीएचटी (टकलाला कारण ठरणारं संप्रेरक) साधारण ७० टक्क्यांनी खाली आणतं.

काळा फत्तर:
निदान झाल्याशिवाय नको. नैराश्य आलेलं असेल तर आधी डॉक्टरांना सांगा. आत्महत्येचे विचार हा १ मि.ग्रॅ. गोळीचा दुष्परिणाम असल्याचं युरोपच्या औषध नियामकाने २०२५ मध्ये मान्य केलंय. पीएसए या प्रोस्टेटच्या रक्ततपासणीचा आकडाही त्याने निम्मा दिसतो, तेही सांगून ठेवावं लागतं.

झुळूक:
घरात मांजर असेल तर मिनॉक्सिडिल लावलेली उशी तिला चाटू देऊ नका. मांजरांना ते थोडंसंही जीवघेणं ठरू शकतं.

उंबरठा:
मांजर नाही. फेरिटिन (लोहाचा साठा) आणि थायरॉइडच्या रक्ततपासण्या उद्या सकाळी करतोय. बायोटिन या जीवनसत्त्वाच्या १० मि.ग्रॅ. गोळ्या रोज चालू आहेत, त्या चालतील ना?

पारिजातक:
उद्या नका करू! एवढ्या बायोटिनने थायरॉइडचे आकडे चुकीचे येऊ शकतात, आजार नसताना आजार दिसतो. किमान तीन दिवस गोळी बंद ठेवा, मग रक्त द्या, आणि प्रयोगशाळेत बायोटिन घेत होतो हे सांगा.