युद्धाच्या बातम्या, मुलीचा प्रश्न आणि रविवारचा धडा

मोहरीचा_दाणा

सर्वांना सलाम. जरा लांबेल, सांभाळून घ्या.

मी आमच्या चर्चच्या मंडळीत संडे स्कूलला शिकवते, आठ ते अकरा वयाची मुलं. माझा धाकटा भाऊ सैन्यात आहे. गेले काही आठवडे त्याचा फोन आलाच तर दोन मिनिटं, "मी बरा आहे, आईला सांग" एवढंच. तेव्हापासून मी फोन उशीखाली ठेवून झोपते. रात्री दोनला जाग येते, हात आपसूक उशीखाली जातो. मग नकाशे, त्यावरचे लाल बाण, कुणी कुणाला काय इशारा दिला, कुठलं क्षेपणास्त्र किती लांब जातं. चार वाजतात. सकाळी मुलीची वेणी घालताना हात थरथरतो, आणि ते तिला कळतं.

परवा झोपताना नेहमीसारखी प्रार्थना केली, "प्रभू, मामाला सुखरूप ठेव, युद्ध होऊ देऊ नकोस." माझी नऊ वर्षांची मुलगी मध्येच डोळे उघडून म्हणाली, "आई, जिथे युद्ध झालं तिथल्या आयांनीपण हेच मागितलं असेल ना?" मी दिवा मालवला. उत्तर दिलं नाही.

"घाबरू नका, देव आहे" हे मीच दर रविवारी मुलांना सांगते. आता ते तोंडातून निघत नाही. आपली आशा म्हणजे नेमकं काय? युद्ध होणार नाही ही खात्री? की झालं तरी आपलं माणूस वाचेल ही? दोन्हींपैकी एकाचंही वचन मला शास्त्रात सापडत नाही. येत्या रविवारी स्तोत्र ४६, "देव आमचा आश्रय", शिकवायचं आहे. मुलांसमोर खोटं बोलायचं नाहीये. कुणीतरी वाट दाखवा.

पहाटेचा_तारा

ताई, मत्तय २४ काढा. लढाया, लढायांच्या अफवा, राष्ट्रावर राष्ट्र उठेल. प्रभूने सगळं आधीच सांगून ठेवलंय. चिन्हं पूर्ण होत आहेत, त्याचं येणं जवळ आहे. आपण तर आनंद करायला हवा!

तेलाचा_दिवा

ताई, मी निवृत्त पाळक आहे. आधी वरच्या बंधूंशी दोन शब्द बोलतो, राग मानू नये. त्याच अध्यायात, त्याच सहाव्या वचनात प्रभू म्हणतो की घाबरू नका, एवढ्यात शेवट नाही. आठव्या वचनात तो या साऱ्याला वेदनांचा आरंभ म्हणतो, आणि मूळ शब्द आहे बाळंतपणाच्या कळांचा. कळा देणाऱ्या बाईजवळ बसून आपण टाळ्या वाजवत नाही, तिचा हात धरतो. जिचा भाऊ सीमेवर आहे तिला आनंद कर म्हणण्याआधी एक रात्र तिच्यासाठी जागावं.

आता तुमचं. तुमचा संशय बरोबर आहे, युद्ध होणार नाही असं वचन नाही. म्हणूनच मी तुम्हाला यिर्मया संदेष्ट्याच्या पुस्तकाचा ३२वा अध्याय वाचायला सांगेन, सावकाश, एखादा जमिनीचा कागद वाचावा तसा. बाबेलच्या, म्हणजे बॅबिलोनच्या फौजेने यरुशलेमला वेढा घातलाय, भिंतीवर चढायला रचलेले मातीचे ढीग भिंतीपर्यंत आलेत. यिर्मया स्वतः पहाऱ्याच्या चौकात कैदेत आहे, कारण शहर पडणार असं तो उघड बोलतो. अशात त्याचा चुलतभाऊ हनामेल येतो आणि म्हणतो, अनाथोथातलं माझं शेत तू विकत घे. अनाथोथ यरुशलेमच्या जवळचंच गाव, म्हणजे मुलूख शत्रूच्या ताब्यात. अशा जमिनीला कोण हात लावील?

यिर्मया घेतो. सतरा शेकेल रुपं, म्हणजे चांदी, तराजूत तोलून देतो. साक्षीदार बोलावतो, सह्या होतात. खरेदीखताच्या दोन प्रती, एक मोहरबंद, एक उघडी. त्या आपला लेखनिक बारूख याच्या हाती देऊन सांगतो, मातीच्या भांड्यात ठेव, पुष्कळ दिवस टिकल्या पाहिजेत. कारण या देशात पुन्हा घरं, शेतं, द्राक्षमळे विकत घेतले जातील, असं परमेश्वर म्हणतो.

पंचविसावं वचन मात्र सोडू नका. सगळा व्यवहार उरकल्यावर यिर्मया देवालाच म्हणतो की नगर तर खास्द्यांच्या, म्हणजे बाबेलवाल्यांच्या हाती गेलं, आणि तू मला शेत घे म्हणतोस! त्यालाही उलगडलं नव्हतं. हात थरथरत असतील त्याचेही, पण त्याच हातांनी त्याने रुपं तोललं. शहर पडणार हे त्याने लपवलं नाही, आणि शेत घ्यायचंही सोडलं नाही. मला कळलेली ख्रिस्ती आशा ही एवढीच आहे, आणि पुनरुत्थानामुळे ती माझ्यासाठी आणखी घट्ट झाली. प्रभूला क्रूसावर दिलं तो शुक्रवार कुणी टाळला नव्हता.

बोनहॉफर नावाचे जर्मन पाळक १९४३च्या एप्रिलमध्ये नाझींच्या तुरुंगात गेले, साखरपुडा होऊन तीनच महिने झाले होते. त्या ऑगस्टमध्ये त्यांनी आपल्या वाग्दत्त वधूला पत्र लिहिलं आणि त्यात यिर्मयाचं हेच शेत आठवलं. आपलं लग्न म्हणजे देवाच्या या पृथ्वीला दिलेला होकार असेल, असं त्यांचं म्हणणं. ते लग्न झालं नाही. ९ एप्रिल १९४५ला त्यांना फाशी दिलं, युरोपातलं युद्ध संपायला महिना उरला होता. ही गोष्ट गोड शेवटाची नाही, म्हणूनच सांगतोय. तरी ते पत्र खोटं ठरलं असं मला वाटत नाही.

रात्रपाळी

मी फौजीची बायको. वीस वर्षं हे केलंय. ताई, फोन उशीखालून काढा आणि दुसऱ्या खोलीत, रिंग मोठी करून ठेवा. भावाचा फोन आला तर ऐकू येईल, बातम्यांसाठी मात्र उठून चालत जावं लागेल. तेवढी चार पावलं पुष्कळ असतात.

मार्क ४ मध्ये वादळात प्रभू उशीवर डोकं ठेवून झोपला होता. शिष्यांनी त्याला उठवून जवळजवळ भांडणच केलं, आम्ही बुडतोय याची तुम्हाला काळजी नाही का? तसं भांडा. स्तोत्र १३ची सुरुवातच "किती वेळ?" अशी आहे.

आणि मुलीला उत्तर द्यायचं राहिलंय ना? तिला सांगा, हो, त्या आयांनीही हेच मागितलं. पुढच्या रात्रीपासून त्या आयांचंही नाव घ्या, पलीकडच्या बाजूच्यासुद्धा. मला हे जमायला सहा वर्षं लागली.

मोहरीचा_दाणा

काल रविवार झाला. स्तोत्र ४६ वाचलं, पण धडा यिर्मयाचाच घेतला. मुलांना मी आधीच सांगितलं की बाईंनाही भीती वाटते. वर्ग एकदम शांत झाला. मग एक मुलगा म्हणाला, मलापण. मग सगळेच बोलायला लागले, कुणाचे बाबा बातम्या लावून बसतात, कुणाची आजी धान्य साठवतेय. अर्धा तास धडा राहिलाच बाजूला, आणि ते बरं झालं.

नंतर मातीचं भांडं फिरवलं. शेवटी माझ्या मुलीने हात वर केला. "मग यिर्मयाने त्या शेतात काय पेरलं?" मला सांगता येईना. दिवेकाका, काय झालं त्या शेताचं?

तेलाचा_दिवा

यिर्मयाने तिथे काही पेरलं असं शास्त्र सांगत नाही. शहर पडलं, आणि पुढे उरलेल्या लोकांनी त्याला आपल्याबरोबर मिसर देशात, म्हणजे इजिप्तला नेलं, ते ४३व्या अध्यायात आहे. परत आल्याची नोंद नाही.

पण मुलीला एज्रा २ उघडून द्या. बाबेलच्या बंदिवासातून परतलेल्यांची लांबलचक यादी आहे, आपण ती वाचताना नेहमी गाळतो. तेविसावं वचन तिला बोटाने शोधू द्या.

मोहरीचा_दाणा

सापडलं. "अनाथोथाचे लोक, १२८." तिने दोनदा मोठ्याने वाचलं. मग म्हणाली, त्यात हनामेलची नातवंडं असतील का? मी म्हटलं, असतीलही.

रात्री तिने प्रार्थना केली. मामाचं नाव घेतलं, आणि "दुसऱ्या बाजूच्या मामांचंपण" म्हणाली. भावाचा फोन अजून आलेला नाही. माझा फोन बाहेरच्या खोलीत आहे, रिंग मोठी करून.