फरसबीच्या बेकनमधल्या जुड्या ओटीजीत नीट होत नाहीयेत, काय चुकतंय?

जुळे_सोलापूरकर_ताई

नमस्कार मंडळी, जरा सविस्तर लिहिते म्हणजे सांगणाऱ्याला सोपं जाईल. माझा भाऊ जर्मनीत असतो, नाताळच्या सुट्टीत वहिनी आणि दोन्ही भाचरं घेऊन सोलापूरला येतोय आणि एका रात्री आमच्याकडे सगळ्यांचं जेवण आहे, मोठी माणसं नि पोरं धरून 18 जण. काळ्या मसाल्याचं मटण, कडक भाकरी, शेंगाचटणी हे तर आहेच. पण भाचरांनी व्हिडिओ कॉलवर आत्याकडे हट्ट धरलाय की तिकडे मटणाच्या रोस्टबरोबर फरसबीच्या जुड्या बेकनमध्ये (डुकराच्या खारवलेल्या मांसाच्या पातळ पट्ट्यांत) गुंडाळून मिळतात तशा कर, स्पेकबोनेन म्हणतात म्हणे. त्यांच्यासाठी मनापासून करायचंय.

बेकन इथं मला मिळालं नाही म्हणून नवऱ्यानं पुण्याहून येताना थर्माकोलच्या डब्यात बर्फ घालून फ्रोजन आणलं. काल एक पॅकेट फोडून ट्रायल घेतली. लक्ष्मी मंडईतून कोवळी फरसबी आणली होती, धुतली, मीठ मिरपूड लावली, आठ दहा शेंगांची जुडी करून वर बेकनची अख्खी पट्टी दोन तीन वेढे देऊन टूथपिक टोचली, ओटीजीत (छोट्या विजेच्या भट्टीत) 200 वर 15 मिनिटं. झालं काय, वरच्या रॉडजवळ बेकन काळं पडलं, आतले वेढे पांढरे आणि रबरासारखे, शेंगा कच्च्या कचकचीत, टूथपिकची टोकं जळाली आणि सगळं खारट. ट्रेमध्ये चरबीचं तळं साचलं नि घरभर धूर.

दुसरी गोष्ट, सासूबाई माळकरी आहेत, जाऊबाई मटण खातात पण डुकराचं नाही, आणि माझी जिवाभावाची मैत्रीण तिच्या मुलींना घेऊन येणारे, ते लोक मुसलमान आहेत. कुणाच्याच मनाला लागायला नको आणि ताटात काहीतरी कमी आहे असंही कुणाला वाटायला नको. हे कसं जमवायचं?

भट्टीवरचा_दादा

ताई, मी मूळचा सोलापूरचाच, पुण्यात हॉटेलच्या किचनमध्ये 11 वर्षं झाली. तुमची चूक मोठी नाही, फक्त फरसबी आणि बेकन यांचा शिजायचा वेळ वेगवेगळा आहे आणि तुम्ही दोघांना एकदमच भट्टीत घातलंत. भाजी आधीच जवळपास शिजवून घ्यायची म्हणजे भट्टीत फक्त बेकनचं काम उरतं.

फरसबी उकळत्या पाण्यात 3 मिनिटं, लगेच बर्फाच्या पाण्यात, म्हणजे हिरवी राहते. मग सुती पंचावर पसरून एकदम कोरडी करा, हे मी दोनदा सांगतो कारण इथंच बऱ्याच जणांचं बिघडतं, शेंगा ओल्या राहिल्या की आत वाफ धरते आणि बेकन भाजायच्या ऐवजी उकडतं. फरसबीला मीठ लावू नका. बेकन म्हणजे मिठात मुरवलेलं पोटाचं मांस, बहुतेक वेळा धुरी दिलेलं, त्याचं मीठ भाजीत उतरतंच. उकळायच्या पाण्यातपण नको. मिरपूड आणि थोडा ठेचलेला लसूण बास.

आता गुंडाळणं. जुडी 5-6 शेंगांची, अख्खी पट्टी नको, आडवी कापून अर्धीच घ्या. पाटावर ठेवून सुरीच्या पाठीनं हलक्या हातानं ताणली की पातळ होते आणि लांबही. एकच वेढा, टोक जेमतेम अर्धा इंच एकावर एक. तुम्ही दोन तीन वेढे दिलेत ना, आतल्या वेढ्याला थेट आच लागत नाही, त्याची चरबी सुटत नाही, म्हणून तो पांढरा रबरी राहिला. बेकनच जाड काप असेल तर आधी तव्यावर मंद आचेवर 3-4 मिनिटं नरम करून घ्या, कुरकुरीत नाही हां, वळलं पाहिजे.

ओटीजी 10 मिनिटं आधी तापवा, दोन्ही रॉड चालू, मधला खाच. ट्रेवर जाळी ठेवून जाळीवर जुड्या, जोड खाली, एकमेकांना चिकटवू नका. खालच्या ट्रेत फॉइल आणि दोन वाट्या पाणी घाला, चरबी पाण्यात पडते, जळत नाही, धूर होत नाही. 200 वर 20 ते 25 मिनिटं, मध्ये एकदा उलटवा. जोड खाली असला की टूथपिक बहुतेक लागतच नाही, लागलीच तर अर्धा तास पाण्यात भिजवा, आणि पोरांच्या ताटात जायच्या आधी मोजून काढा.

खाणारी 11-12 माणसं धरली तर 24 जुड्या, म्हणजे 12 पट्ट्या. पॅकेटमागे किती पट्ट्या निघतात ते कालच्या पॅकेटवरून तुम्हाला कळलंच असेल.

शेतावरचा_पाहुणा

दादांनी लई बरोबर सांगितलंय. ओटीजी नसलेल्यांसाठी माझं सांगतो, आम्ही शेतावर हुरड्याला मित्रमंडळी जमतो तेव्हा लोखंडी तव्यावर करतोय. तवा थंड असतानाच जुड्या मांडायच्या, जोड खाली, मग बारीक आच, तेलाचा थेंब नाही. गार तव्यापासून सुरू केलं की चरबी हळूहळू सुटती आणि त्यातच भाजतंय, तापल्या तव्यावर टाकलं की वरून करपतंय आत तसंच. दर 3-4 मिनिटाला फिरवत राहायचं, एकूण पाव तास लागतोय.

आणि फरसबीवरच थांबू नका की ताई. लाल भोपळ्याच्या बोटाएवढ्या फोडी लई भारी लागतात, गोड आणि खारट एकत्र. छोटे बटाटे उकडून, बेबीकॉर्न, ढोबळी मिरचीच्या पट्ट्या (ती कच्चीच चालती). बिया काढलेला खजूर गुंडाळून केला तर पोरं ताट सोडत नाहीत. मशरूम करायचं असेल तर आधी कोरड्या तव्यावर त्याचं पाणी आटवा. वांगं मात्र नको, आपण भरल्या वांग्याची माणसं, मलाबी करावंसं वाटलं होतं, पण ते सगळी चरबी पिऊन बसतंय आणि तोंडात नुसतं तूपकट लागतंय.

शेवटच्या 4-5 मिनिटात वरून काकवी आणि काळं तिखट कालवून ब्रशनं लावा. आधी लावलं तर साखर जळती, कडू होतंय. आमच्या घरी डाळिंब असतंय म्हणून मी डाळिंबाचा रस मधासारखा घट्ट आटवून लावतो, आंबटगोड, बेकनची चरबी जाणवत नाही.

एअरफ्रायरवाली

एअरफ्रायर असेल तर 180 वर 12-14 मिनिटं. पंख्याच्या वाऱ्यानं पट्टीची सुटी टोकं उडतात म्हणून यात टूथपिक लावाच. एका वेळी 7-8 च.

पातीचा_कांदा

मला तुमच्या दुसऱ्या प्रश्नावर बोलायचंय कारण आमच्या घरात हे दर सणाला असतं, माहेर सासर दोन्हीकडे खाणारे न खाणारे एकत्र.

बिनमांसाची जुडी तितकीच देखणी करा, राहिलं साहिलं म्हणून वाढलेलं नको. कांद्याच्या पातीचे हिरवे लांब दोरे उकळत्या पाण्यात 15-20 सेकंद बुडवले की मऊ होतात, त्यानं फरसबीची जुडी गाठ मारून बांधा. सासूबाई माळकरी आहेत म्हणताय, आमच्याकडच्या काही माळकरी बायका कांदा लसूणही खात नाहीत, त्यांना आधी विचारा, नसेल चालत तर गाजराची लांब पातळ साल काढून तशीच बुडवून बांधता येते. वरून तूप आणि खलबत्त्यात कुटलेली शेंगाचटणी भुरभुरायची (कांदा लसूण बंद असेल तर चटणीही बिनलसणाची), मग ओटीजीत 10 मिनिटं. धुराचा वास हवा असेल तर पातेल्यात मध्ये वाटी ठेवून निखाऱ्यावर तूप सोडा आणि झाकण लावा, पाच मिनिटात बेकनसारखी धुरी बसते.

भांडी वेगळी म्हणजे खरंच वेगळी, सुरी, पाट, ट्रे, जाळी, ब्रश, चिमटा, फ्रीजमधला डबासुद्धा. बिनमांसाचं आधी भाजून बाजूला झाकून ठेवा, बेकन नंतर, म्हणजे ओटीजीत वरून थेंब पडायचा प्रश्न नाही. आणि मैत्रिणीला आदल्या दिवशी फोन करून सरळ सांगा की घरात हे शिजणारे, तुमच्यासाठी मटण हलालवाल्याकडून आणते आणि वेगळ्या पातेल्यात करते. डुकराचं म्हणजे त्यांच्यासाठी नुसतं आवडीनिवडीचं नाही, त्यामुळे कळल्यावर तिला जे सोयीचं वाटेल ते तिला ठरवू द्या. लपवून ठेवलेलं नंतर कळणं फार वाईट.

भट्टीवरचा_दादा

कांद्याच्या पातीची आयडिया मी आमच्या किचनमध्ये नेणारे, धन्यवाद. एक राहिलं, फ्रोजन बेकन आदल्या रात्री फ्रीजमध्येच वितळवा, ओट्यावर नको. जुड्या दुपारीच बांधून झाकून फ्रीजमध्ये ठेवल्या तर चरबी गार राहते आणि आकार धरून बसतात. शिजलेल्या जुड्या बाहेर दोन तासांवर ठेवायच्या नाहीत, डिसेंबर आहे म्हणून दोन, आपल्या मे महिन्यात एक तासही खूप.

जुळे_सोलापूरकर_ताई

मंडळी, आज दुपारी उरलेल्या पट्ट्यांची परत ट्रायल घेतली. कोरडी फरसबी, अर्धी पट्टी, एक वेढा, जाळी, खाली पाणी. 22 मिनिटं लागली. टूथपिक एकही लावली नाही, तरी एकच जुडी सुटली. बेकन कडेनं कुरकुरीत आणि शेंग दाताखाली मऊ, हिरवीगार. चार जुड्यांवर काकवी लावली, नवरा म्हणाला त्या आधी संपव.

मैत्रिणीला फोन केला. ती म्हणाली बरं केलंस सांगितलंस, आम्ही जेवायला येतोच, फक्त मटण मी माझ्या घरून करून आणते, माझ्या हातचं तुझ्या भावाला आवडतं. सासूबाईंना कांदा चालतो पण चातुर्मासात नाही, आणि चातुर्मास तर कार्तिकीला संपतो, म्हणजे पातीच्या जुड्या त्यांच्या ताटात पक्क्या. शेंगाचटणी त्या स्वतः कुटणार म्हणाल्यात.

खाली ट्रेतलं पाणी गार झाल्यावर वर पांढरी चरबी जमलीये वाटीभर, ती सिंकमध्ये ओतायची नाही एवढं माहितीये, पण वापरता येते का?

शेतावरचा_पाहुणा

येते की. वरची चरबी अलगद उचला, बारीक आचेवर पाणी उडेस्तोवर तापवा, गाळून काचेच्या बरणीत घालून फ्रीजला. उकडलेले बटाटे त्यात परता. बरणीवर तेवढं नाव लिहून ठेवा, पांढरी असती, कुणीतरी तूप समजून घेईल.