[मंडळ-चर्चा] जुने मोबाईल: रिसायकलिंगला देण्याआधी

प्रेषक: अनघा (वाचनालय)

नमस्कार मंडळी,

आपल्या कॅलिफोर्नियातल्या मंडळाच्या वाचनालयात खालच्या कपाटात सभासदांनी आणून दिलेले जुने फोन साठलेत. आयफोन ६ पासून पिक्सेल ३ पर्यंत, शिवाय सॅमसंग आणि भारतातून आलेले काही शाओमी. विकायला गेलं तर हातात फारसं काही पडणार नाही. मंडळात किंवा घरी त्यांचा खरोखर उपयोग होईल का? जाणकारांनी सांगावं. "कॅमेरा म्हणून वापरा" एवढ्यावर थांबू नका, कसा आणि कुठे अडतं तेही लिहा.

अनघा

---

प्रेषक: श्रीधर

अनघा,

आधी बॅटरी तपास. फोन कव्हरातून काढून सपाट टेबलावर स्क्रीन खाली करून ठेव आणि कोपरे बोटानं हलके दाबून बघ. फोन डुलत असेल, स्क्रीनची कड उचललेली असेल किंवा मागच्या काचेला फट दिसत असेल तर बॅटरी फुगली आहे असं धरून चालायचं. असा फोन चार्जिंगला लावायचा नाही, दाबून परत बसवायचा नाही आणि टोचायचा तर मुळीच नाही. कोरडी वाळू भरलेल्या पत्र्याच्या डब्यात ठेवून काउंटीच्या घातक कचरा केंद्रावर न्यायचा. दुकानांतल्या बॅटरी-पेट्यांत फुगलेली बॅटरी टाकायची नसते, आणि पोस्टानं पाठवायला तर बंदीच आहे. चांगल्या स्थितीतला पण निरुपयोगी फोन असेल तर प्रश्न नाही. मोबाईल विकणाऱ्या दुकानांनी जुने फोन फुकट परत घ्यावेत असा कॅलिफोर्नियाचा कायदा १ जुलै २००६ पासून आहे.

फोन शाबूत असेल तर माझा नियम एकच: एका फोनला एकच काम, आणि त्या कामाला लागत नाही ते सगळं बंद. जुना फोन "दुसरा फोन" म्हणून सगळ्यासाठी वापरायला गेलात की तो रडतो. सुरक्षा अपडेट बंद झालेले असतात, मेमरी पुरत नाही आणि महिन्याभरात तो परत खणात जातो.

चोवीस तास प्लगला लावून ठेवलेला फोन वर्षा-दोन वर्षांत फुगू शकतो याची कारणं दोन. लिथियम-आयन सेल पूर्ण भरलेला म्हणजे ४.२ व्होल्ट किंवा त्याहून थोडा वर असतो, आणि त्या अवस्थेत सतत ठेवला की आतला द्राव हळूहळू विघटित होऊन वायू तयार होतो. उष्णता ही क्रिया आणखी वाढवते. त्यामुळे फास्ट चार्जर नको, जुना ५ वॉटचा चौकोनी चार्जर घ्या आणि तो टायमरच्या प्लगमध्ये लावा. ३००० मिलीअँपिअर-तासाची बॅटरी १ अँपिअरवर तासाभरात साधारण ३० टक्के भरते. आठवडाभर रोज ठरावीक वेळी टक्के बघून टायमर असा बसवा की आकडा ३० ते ८० मध्येच फिरेल. शून्यावर मात्र जाऊ देऊ नका. बहुतेक अँड्रॉइड फोन एकदा बंद पडले की नुसती वीज मिळून आपोआप सुरू होत नाहीत, कोणीतरी बटण दाबावं लागतं. काही सॅमसंगमध्ये चार्जिंग ८० किंवा ८५ टक्क्यांवर थांबवायची सोय सेटिंगमध्येच आहे, तिथे टायमरची गरज नाही.

कॅमेरा म्हणून वापरायचा तर टायमर उपयोगाचा नाही, कारण कॅमेरा सतत चालू ठेवला की बॅटरी काही तासांत संपते. तिथे अखंड वीज हवी. म्हणजे कव्हर काढून, उन्हाच्या खिडकीपासून लांब, पाठ मोकळी राहील असा स्टँडवर, आणि रेझोल्यूशन ७२० वर. हात लावल्यावर चटका बसेल इतका तापत असेल तर त्या फोनला ते काम देऊ नका. मोटारीच्या डॅशबोर्डवर डॅशकॅम म्हणून लावायची कल्पना सर्वांत वाईट. ॲपल स्वतःच ३५ अंश सेल्सियसच्या वर वापरू नका म्हणतं, आणि उन्हात बंद गाडी त्याच्या कितीतरी पुढे जाते.

आता वयाची मर्यादा. अँड्रॉइड ७.१.१ च्या खालच्या फोनच्या ब्राउझरमध्ये पुष्कळ वेबसाइट सर्टिफिकेटची चूक दाखवतात, कारण लेट्स एन्क्रिप्टचं (पुष्कळ वेबसाइटना खरेपणाचा दाखला देणारी संस्था) मूळ सर्टिफिकेट त्या फोनांना ठाऊकच नाही. जुन्या फोनांसाठी केलेली पर्यायी सोय सप्टेंबर २०२४ मध्ये संपली. व्हॉट्सॲपला मे २०२५ पासून आयओएस १५.१ लागतं, म्हणजे आयफोन ६ बाद. पण तुमचं काम इंटरनेटशिवाय होणारं असेल तर यातलं काहीच आड येत नाही, आणि मंडळाची बरीच कामं तशीच आहेत.

श्रीधर

---

प्रेषक: मकरंद

श्रीधरकाकांच्या शेवटच्या वाक्याला धरून: नाटकाचं पार्श्वसंगीत. हे काम जुन्या फोनला अगदी फिट बसतं.

सगळे तुकडे फोनच्या मेमरीत उतरवून ठेवायचे, स्ट्रीमिंग नाही. फाइलची नावं ०१, ०२, ०३ अशी, प्रवेशाच्या क्रमानं. व्हीएलसी हे प्लेअर ॲप जुन्या अँड्रॉइडवर नीट चालतं. त्यात एक तुकडा संपला की थांबेल अशी सोय लावा, नाहीतर नायिकेच्या अश्रूंवर पुढच्या प्रवेशातली लावणी सुरू होते. बॅटरी ऑप्टिमायझेशन त्या ॲपपुरतं बंद करा, कारण स्क्रीन काळी झाली की काही फोन प्लेअरच मारून टाकतात. तिसऱ्या घंटेच्या आधी विमान मोड. नुसता सायलेंट पुरत नाही, अलार्म वाजतोच.

हॉलच्या साउंड मिक्सरला ब्लूटूथनं जोडू नका. आवाज एक पंचमांश सेकंदाच्या आसपास मागे पडतो, आणि नाचाच्या पहिल्या ठेक्याला तो जाणवतो. ३.५ मिलिमीटरच्या जॅकमधून दोन ६.३५ च्या पिना निघतात ती केबल घ्या. फोन चार्जिंगवर ठेवून मिक्सरला जोडला की हमखास घुंऽऽ असा आवाज येतो, कारण चार्जर आणि मिक्सर यांच्या अर्थिंगमधून चक्र पूर्ण होतं. एकतर प्रयोगाच्या वेळी चार्जर काढा, नाहीतर मधे डीआय बॉक्स (मिक्सरला जोडताना मधे घालायची डबी) घालून त्याचं ग्राउंड लिफ्टचं (अर्थिंग तोडणारं) बटण दाबा. जॅक नसलेल्या फोनला यूएसबी-सीचा डोंगल लागतो, तो डीएसी (डिजिटल सिग्नलचा आवाज करणारी चिप) असलेलाच घ्या. नुसत्या तारा जोडलेल्या स्वस्त डोंगलातून पुष्कळ फोनांवर आवाजच येत नाही.

दुसरं काम दिवाळीच्या कार्यक्रमात दारावर तिकिटांचे क्यूआर स्कॅन करणं. हॉलच्या वायफायवर विसंबू नका, एकाच नव्या फोनच्या हॉटस्पॉटवर सगळे जुने फोन घ्या. नेटच नसेल आणि यादी प्रत्येक फोनवर वेगळी उतरवली असेल तर एकच तिकीट दोन दारांतून दोनदा आत जातं. त्यावर उपाय म्हणजे आडनावाच्या अक्षरावरून रांगा वाटून देणं. ज्या फोनचा ऑटोफोकस कुरकुरतो तो बाद. तिथे दर माणसामागे पाच सेकंद गेले तर रांग पार्किंगपर्यंत पोचते.

मकरंद

---

प्रेषक: रेवती

मकरंद, गाण्याच्या वर्गासाठी एक राहिलं: तानपुरा. रोजच्या फोनवर तानपुरा लावला की मधेच मेसेज टिंग करतो आणि सूर सुटतो. जुना फोन, फक्त तानपुऱ्याचं ॲप, विमान मोड, बस.

फोनच्या स्वतःच्या स्पीकरवर मात्र लावू नका. काळी एकचा (पेटीच्या पहिल्या काळ्या पट्टीचा) षड्ज १३९ हर्ट्झच्या आसपास, खर्ज त्याच्या निम्मा म्हणजे ६९. एवढासा स्पीकर तो मुळात काढूच शकत नाही, कानाला फक्त वरचे स्वर ऐकू येतात आणि पुरुषांचा आवाज चढा लागायला लागतो. काळी चारवर गाणाऱ्यांना हे कमी जाणवतं, तरी तारेनं जोडलेला बरा स्पीकर हवाच.

पेटीशी जुळवून घेणं महत्त्वाचं. ॲप 'ए' हा मानक स्वर ४४० हर्ट्झ धरून चालतं, पेटी ४४२ ला लावलेली असेल तर तानपुरा ८ सेंट (सेंट म्हणजे अर्ध्या सुराचा शंभरावा भाग) वर घ्यावा लागतो. पेटीचाच षड्ज धरून कानानं ठोके (दोन सूर किंचित वेगळे असले की येणारी थरथर) ऐका आणि ठोके थांबेपर्यंत सेंट सरकवा. मालकंसाला पहिली तार मध्यमात, मारवा-पूरियाला निषादात. कपाटात दोन सारखे फोन असतील तर दोन्हींवर तानपुरा लावून एकाची लय किंचित कमी करा. तारा एकाच क्षणी छेडल्या जात नाहीत आणि आवाज अखंड भरतो. एकाच फोनचा आवाज दुप्पट मोठा करून हे साधत नाही.

रेवती

---

प्रेषक: वसंत

मंडळी, आमच्यासारख्यांचा प्रश्न वेगळा. भारतातल्या बँकेचा ओटीपी भारतातल्या नंबरावर येतो. ते सिम इथल्या जुन्या फोनमध्ये घालून ठेवता येईल का?

---

प्रेषक: मकरंद

वसंतकाका, येईल, आणि माझ्या मते या कपाटातल्या फोनांचा सगळ्यात मोलाचा उपयोग हाच आहे. पण फोन निवडताना जपा.

पहिलं, अमेरिकेतली ३जी नेटवर्कं २०२२ मध्ये बंद झाली. एटीअँडटीचं फेब्रुवारीत, टी-मोबाईलचं जुलैत, व्हेरायझनचं वर्षअखेरीस. म्हणजे फोन ४जीचा हवा. दुसरं, भारतात घेतलेला स्वस्त ४जी फोन इथे नेटवर्क नीट पकडेलच असं नाही. भारतात बँड (नेटवर्कच्या लहरींचे पट्टे) ३, ५, ४० वर काम चालतं, इथे २, ४, १२, ६६, ७१ लागतात. म्हणून या कामाला शाओमीपेक्षा इथेच घेतलेला जुना फोन बरा. तिसरं, तो एकाच मोबाईल कंपनीला लॉक केलेला नसावा. आयफोनवर सेटिंगमध्ये जनरल, मग अबाउट, तिथे कॅरिअर लॉकसमोर "नो सिम रिस्ट्रिक्शन्स" दिसलं की झालं.

आंतरराष्ट्रीय रोमिंग भारतात असतानाच सुरू करून घ्या, इथून करायला गेलात तर त्याचाही ओटीपी त्याच सिमवर येतो. मोबाईल डेटा आणि डेटा रोमिंग दोन्ही बंद ठेवा, एसएमएस यायला त्यांची गरज नसते. प्रीपेड सिम ९० दिवस काहीच वापर झाला नाही तर बंद होऊ शकतं. रिचार्जची तारीख कॅलेंडरात टाका आणि खात्यात वीसेक रुपये शिल्लक राहू द्या. सिमला पिन घाला, पण तीनदा चुकला की पीयूके (सिम परत उघडायचा कोड) मागतो आणि तो कंपनीकडूनच मिळतो, तेव्हा पिन कागदावर लिहून घरात ठेवा. फोनच्या पाठीला चिकटवू नका.

ओटीपी पुढे ढकलणारी ॲप्स टाळा, बँकेचे मेसेज त्रयस्थाच्या हाती जातात. बँकेचं ॲप मात्र वेगळी भानगड आहे. नोंदणीच्या वेळी ते त्याच सिमवरून एसएमएस पाठवतं, रोमिंगमध्ये तो बरेचदा अडकतो, आणि अपडेट बंद झालेल्या फोनवर बँकेचं ॲप ठेवणं शहाणपणाचंही नाही. यूपीआयच हवं असेल तर बँकेला विचारा: २०२३ पासून एनआरई-एनआरओ (परदेशस्थ भारतीयांच्या) खात्यांना अमेरिकेच्या नंबरावर यूपीआय द्यायची मुभा आहे, काही बँकांनी ती सुरूही केली आहे.

---

प्रेषक: श्रीधर

दोन गोष्टी सुटल्यात.

जुना फोन लहान मुलांना खेळायला देऊ नका. अमेरिकेत सिम नसलेला फोनही ९११ ला (तातडीच्या मदतीचा नंबर) लागतो, तसा नियमच आहे. नव्या अँड्रॉइडमध्ये पॉवरचं बटण पाच वेळा दाबलं की तातडीचा कॉल जाऊ शकतो, आणि विमान मोड त्याला रोखत नाही. सिम नसल्यामुळे ९११ च्या माणसाला उलट फोनही करता येत नाही. निदान इमर्जन्सी एसओएसची सेटिंग तरी बंद करा.

दुसरं, पुसण्याचा क्रम. आधी ऑथेंटिकेटरचे (लॉगिनचे कोड देणारं ॲप) कोड नव्या फोनवर न्या, हे विसरलं तर ईमेलच उघडत नाही. मग मेमरी कार्ड आणि सिम काढा, ई-सिम (फोनमध्येच असलेलं डिजिटल सिम) डिलीट करा. मग अँड्रॉइडवर गूगल खातं काढा, आयफोनवर आयक्लाउडमधून साइन आउट करा. रीसेट सगळ्यात शेवटी. खातं न काढता बटणं दाबून रीसेट केलात तर फोन सुरू होताना जुन्याच मालकाचा पासवर्ड मागतो. अनघा, कपाटातले काही फोन याच कारणानं अडकतील. ते मालकांना परत देऊन खातं काढून आणायला सांग.

---

प्रेषक: अनघा

काका, मकरंद, रेवती, आभार. भारतात आईवडिलांना देण्यासाठी काहींनी फोन मागितलेत, त्याचं काय?

---

प्रेषक: मकरंद

अनघाताई, बँड ४० आणि व्हीओएलटीई (४जीवरून कॉल करायची सोय) दोन्ही असतील तरच द्या. जिओकडे २जी-३जी नाहीच, त्यामुळे व्हीओएलटीई नसेल तर फोन नेट दाखवेल पण कॉल लागणार नाही. अमेरिकेतला आयफोन १४ किंवा पुढचा असेल तर त्याला सिमची खाचच नाही. तिथे गेल्यावर ई-सिम करून घ्यावं लागेल, हे आईबाबांना आधीच सांगून ठेवा. नेताना फोन हातातल्या बॅगेत न्यायचे. चेक-इनच्या सामानात ठेवायची वेळ आलीच तर पूर्ण बंद करून, आणि फुगलेला फोन विमानात न्यायचाच नाही.

शनिवारी कपाट उघडणार असाल तर प्रत्येक फोनवर मास्किंग टेपनं तीनच गोष्टी लिहून ठेवा: ओएसची आवृत्ती, लॉक आहे की नाही, आणि टेबलावर फोन डुलतो का. बाकीचं मग दहा मिनिटांत निवडता येईल.